बांधावरचे उंदीर आणि घरातला ताप

गेल्या भाद्रपदात निर्मळकडचे एक काका माझ्याकडे आले. एकरभर भात, कडेला थोडी भाजी, एवढीच त्यांची शेती. चार दिवस ताप, डोळे लालभडक आणि पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की दवाखान्याची पायरी चढवेना. डोळ्यांत पिवळी झाक दिसली म्हणून घरच्यांनी कावीळ उतरवून घेतली होती. लघवीचे विचारले तेव्हा काकू म्हणाल्या, "काल सकाळपासून नाहीच म्हणा." मी त्यांना तसेच मोठ्या रुग्णालयात पाठवले. रोग निघाला लेप्टोस्पायरोसिस. काका वाचले, पण डायलिसिस करावे लागले आणि कापणी मजूर लावून उरकावी लागली.

बरे होऊन आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "डॉक्टर, मला उंदीर चावला कुठे होता?"

चावावा लागत नाही. या रोगाचे जंतू उंदराच्या लघवीतून चिखलात व साचलेल्या पाण्यात उतरतात आणि भेगाळलेल्या टाचेतून किंवा जखमेतून शरीरात शिरतात. बहुधा पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत याची साथ आली, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. आपला शेतकरी मात्र दर पावसाळ्यात त्याच चिखलात उभा असतो.

उंदीर म्हटला की माणूस विषाच्या दुकानाकडे वळतो. मला त्याचीच धास्ती वाटते. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट पोटात गेली तर पहिले एक-दोन दिवस रुग्ण ठीक वाटतो, मग यकृत निकामी होऊ लागते. झिंक फॉस्फाइडवरही नेमका उतारा नाही. अशी पेस्ट भज्याला लावून ठेवणाऱ्यांनी घरातली लहान मुले आठवावीत. धान्याच्या कोठीत तर विष नकोच.

शेतातला उंदीर मुख्यतः बांधात राहतो आणि पिकलेल्या लोंब्या बिळात साठवतो. म्हणून बांध रुंद व उंच ठेवू नये, त्यावरचे गवत काढावे. पीक पोटरीत येण्याआधीच बिळे खणावीत, सापळे लावावेत. मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते, त्यामुळे उशीर महागात पडतो. एकट्याने केले तर शेजारच्या बांधावरून आठवड्यात नवी भरती होते. सगळ्या वाडीने एकाच दिवशी उतरावे. आपल्याकडच्या कातकऱ्यांना बीळ ओळखणे, धूर देणे ही कामे आपल्यापेक्षा कितीतरी चांगली येतात. त्यांना बोलवा आणि योग्य मजुरी द्या. गव्हाणी घुबड अपशकुनी मानून हाकलू नका, धामण दिसताच काठी उगारू नका. उंदीर मारणारे असे गडी फुकट मिळत नाहीत.

मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये, खोल पुरावा. चिखलात शक्यतो गमबूट घालावेत, जखम झाकावी, घरी आल्यावर साबणाने पाय धुवावेत. प्रतिबंधक गोळ्या आहेत, पण त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. गरोदर बाई व लहान मुलांना त्या चालत नाहीत. आणि पावसाळ्यात ताप आला तर डॉक्टरांना "मी शेतात काम करतो" हे न विचारता सांगा. काकांनी ते मला सांगितले नव्हते. त्यांच्या टाचांकडे पाहून मला कळले.