मोटारसायकलचे ब्रेक : घरी करावयाची तपासणी व दुरुस्ती

शेतकरी बंधूंनो, विहिरीवरचा पंप गळू लागला की आपण त्याच दिवशी पाना हातात घेतो. परंतु डेअरीला दूध घालण्यासाठी, खताची गोणी आणण्यासाठी आणि मुलांना शाळेत सोडण्यासाठी जी मोटारसायकल रोज धावते, तिचे ब्रेक मात्र 'लागतायत की अजून' असे म्हणून महिनोन्‌महिने तसेच चालवले जातात. ब्रेक एका दिवसात जात नाहीत. ते रोज थोडे थोडे कमी होतात आणि आपला पाय त्याला सरावतो. म्हणूनच त्यातील दोष लक्षात येत नाही.

आपल्या भागात ब्रेक लवकर का झिजतात ?

माळशिरस तालुक्यात गाडीला चिखल, धूळ आणि ओझे या तिन्हींना तोंड द्यावे लागते. वीस लिटरचे दोन कॅन भरून घेतले, तर नुसत्या दुधाचे वजन ४१ किलोच्या आसपास भरते. कॅनचे वजन वेगळे. कालव्याच्या भरावावरची बारीक माती ड्रममध्ये जाऊन लायनर व ड्रम दोन्ही घासते. पाटाच्या पाण्यातून गाडी काढली की लायनर भिजतो व ब्रेक काही काळ धरत नाही.

गाळपाच्या हंगामात अकलूज, वेळापूर, नातेपुते या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस असतात. आषाढीपूर्वी पालखीबरोबर वारकऱ्यांची गर्दी असते. अशा वेळी गाडी किती अंतरात थांबते, यावर जीव अवलंबून असतो. ताशी ४० कि.मी. वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. समोरचा अडथळा पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण तेवढा वेळ जातो. त्यानंतर चांगले ब्रेक असलेली गाडी सुमारे १२ मीटरमध्ये थांबते, तर निम्म्या ताकदीने लागणारे ब्रेक असतील तर सुमारे २५ मीटर लागतात. हा १३ मीटरचा फरक म्हणजे ट्रॉलीच्या मागे थांबणे आणि ट्रॉलीवर जाऊन आदळणे यातील फरक होय.

पंधरा दिवसांतून एकदा करावयाची तपासणी

१) मागच्या पेडलचे फ्री प्ले (मोकळी हालचाल) बहुतेक १०० सी.सी. गाड्यांत २० ते ३० मि.मी. असावे. पुढच्या लिव्हरचे माप गाडीच्या पुस्तिकेत पाहून ठेवावे. ब्रेक रॉडच्या टोकावरील नट आवळला की पेडलची हालचाल कमी होते. नट अर्धा-अर्धा फेरा फिरवावा व प्रत्येक वेळी चाक हाताने फिरवून पाहावे. चाक घासत असेल तर नट जास्त आवळला आहे असे समजावे. घासणाऱ्या ब्रेकमुळे ड्रम तापतो व पेट्रोलही जास्त लागते.

२) ब्रेक पूर्ण दाबून ड्रमच्या बाहेरील पत्तीजवळचा बाण पाहावा. बाण प्लेटवरील खुणेपर्यंत आला असल्यास लायनर संपला आहे. अशा वेळी नट आवळत बसू नये, लायनर बदलावा.

३) पुढच्या ब्रेकच्या केबलची तार दोन्ही टोकांना तपासावी. एक जरी तार तुटलेली दिसली, तरी केबल बदलावी.

४) चेन ताणल्यावर मागचे चाक मागे सरकते व ब्रेक आपोआप आवळला जातो. म्हणून चेन ताणल्यानंतर ब्रेकची हालचाल पुन्हा जुळवावी.

मागच्या ड्रम ब्रेकचे लायनर बदलणे

गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावावी. नुकतीच चालवलेली असल्यास ड्रम थंड होऊ द्यावा. ब्रेक रॉडचा नट व ब्रेक प्लेटला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नट काढावा. त्यात कॉटर पिन असल्यास ती जपून ठेवू नये, नवी घालावी. नंतर एक्सलचा नट काढून एक्सल ओढून घ्यावा. बुश कोणत्या बाजूला होता हे लक्षात ठेवावे. चाक काढल्यावर ब्रेक प्लेट सहज बाहेर येते.

ड्रममधील धूळ तोंडाने फुंकू नये किंवा हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते व ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. डिझेल किंवा रॉकेलने धुऊ नये. लायनरला तेल लागले तर तो पुन्हा धरत नाही.

लायनरची जाडी २ मि.मी. किंवा त्याहून कमी झाली असल्यास दोन्ही शू जोडीनेच बदलावेत. जाडी पुरेशी असून पृष्ठभाग फक्त चकचकीत झाला असेल, तर काचकागदाने हलकेच घासून घ्यावा. ड्रमला खोल चऱ्या पडल्या असतील, किंवा त्यावर कोरलेल्या कमाल मापापेक्षा तो मोठा झाला असेल, तर नवा लायनर घालूनही उपयोग होत नाही.

कॅम काढून स्वच्छ करावा व त्याला बोटाच्या टोकाएवढेच ग्रीस लावावे. पत्ती बसवताना तिची व कॅमची खूण जुळवावी. जोडणी करताना ब्रेक दाबून धरून एक्सलचा नट आवळावा, म्हणजे शू ड्रममध्ये मधोमध बसतात. शेवटी प्लेटची पट्टी व तिची पिन बसली आहे याची खात्री करून घ्यावी. ही पट्टी सुटली तर ब्रेक लावताच प्लेट फिरते व चाक अडकते.

काम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर, ओझे न घेता, हळू वेगाने चार-पाच वेळा ब्रेक लावून पाहावा. नवा लायनर बसेपर्यंत पहिले काही दिवस जपून चालवावे.

सुधारणा कोणती करावी, कोणती टाळावी ?

ड्रम ब्रेकच्या गाडीला बाहेरून डिस्क बसवण्याच्या फंदात पडू नये. चांगल्या प्रतीचे लायनर, नवी केबल आणि चांगले टायर हीच खरी सुधारणा होय. नवी गाडी घ्यावयाची असल्यास ओझ्याचा विचार करून पुढे डिस्क असलेली घ्यावी. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना १२५ सी.सी. पर्यंत सीबीएस किंवा एबीएस आणि त्यापुढे एबीएस बंधनकारक झाले आहे. सीबीएसमध्ये मागचे पेडल दाबले की पुढचा ब्रेकही लागतो. त्याची जोडणी सोडू नये.

डिस्क ब्रेकचे ऑईल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. झाकणावर लिहिलेल्या प्रकारचेच ऑईल वापरावे. इंजिन ऑईल कधीही घालू नये. लिव्हर स्पंजासारखा दबत असेल तर ते काम घरी न करता माहीतगार मिस्त्रीकडे द्यावे.

चालवताना

पुढचा ब्रेक दाबला की गाडी पलटते, या समजापायी अनेकजण फक्त मागचाच ब्रेक वापरतात. प्रत्यक्षात थांबवण्याचे जास्त काम पुढचा ब्रेक करतो. कोरड्या, सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र लावावेत. चिखल, वाळू किंवा वळणावर मात्र पुढचा ब्रेक हलकाच वापरावा. पाण्यातून गाडी काढल्यावर ब्रेक हलके दाबून थोडे अंतर हळू चालवावे, म्हणजे लायनर वाळतात.

बंधूंनो, तपासणीला पंधरा मिनिटे पुरतात. दर अमावास्या-पौर्णिमेला ती करण्याचा नेम ठेवावा, म्हणजे विसर पडणार नाही.