जुन्या गाडीचा ‘अर्थ’ : ओहमचा नियम हेडलाईटमध्ये शोधूया



नववीत धाराविद्युत शिकवताना विभवांतर = विद्युतधारा × रोध हे सूत्र मुलं भराभर पाठ करतात. पण घरात एखादा दिवा मंद पेटला, तर याच सूत्राने कारण शोधता येतं हे किती जणांच्या लक्षात येतं? आज या सूत्राचा उपयोग आपण एका जुन्या गाडीत बघूया.

आपल्या नागपुरात अजूनही काही घरांपुढे झाकून ठेवलेली प्रीमियर पद्मिनी किंवा अँबेसेडर दिसते. पद्मिनी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची, अँबेसेडर बंगालमधल्या उत्तरपाड्याला. अँबेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तर मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. या गाड्यांत संगणक नाही. वायर, स्विच, फ्यूज, दिवा, एवढंच. त्यामुळे शिकायला आणि शिकवायला त्या उत्तम!

गाडीतला ‘अर्थ’ म्हणजे काय?

इथे मुलांचा गोंधळ हमखास होतो. घरातली भूसंपर्क तार खरोखर जमिनीत जाते आणि एरवी तिच्यातून विद्युतधारा वाहत नाही. ती फक्त सुरक्षेसाठी असते. गाडी मात्र रबरी चाकांवर उभी. तिचा अर्थ जमिनीत जाणार कुठे?

गाडीत बॅटरीचं एक टोक, बहुतेक गाड्यांत ऋण टोक, लोखंडी बॉडीला जोडलेलं असतं. (जुन्या अनेक ब्रिटिश गाड्यांत उलट, धन टोक बॉडीला असे. म्हणून आधी बघून घ्या.) दिव्यापर्यंत एकच वायर जाते आणि धारा परत येते ती बॉडीतून. म्हणजे गाडीची बॉडी हीच परतीची तार! घरातला अर्थ हा राखणदार, तर गाडीतला अर्थ हा रोजचा रस्ता. मुलांना हा फरक कळला की अर्धा धडा झाला.

बिघाड कुठे होतो?

बॉडी सहसा तुटत नाही, पण वायरचं थिंबल जिथे बोल्टने बॉडीला कसलेलं असतं, तो सांधा खराब होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि वायरचं जुनं आवरण कडक होऊन तडकतं. मग जूनमध्ये पाऊस येतो, सांध्यात ओल शिरते आणि गंज चढतो. तिसरं कारण म्हणजे हौसेने केलेलं डेंटिंग-पेंटिंग. गाडी नव्यासारखी चमकते, पण अर्थच्या बोल्टखाली रंगाचा थर बसतो. रंग विद्युतरोधक, मग धारा जाणार कशी?

आता गणित करूया

समजा, हेडलाईटचा दिवा १२ व्होल्ट, ६० वॅटचा आहे. धारा = ६० ÷ १२ = ५ अँपिअर. रोध = १२ ÷ ५ = २.४ ओहम.

आता गंजलेल्या सांध्यात फक्त ०.४ ओहम रोध आला असं समजा. एकूण रोध २.८ ओहम. धारा = १२ ÷ २.८ = सुमारे ४.३ अँपिअर. दिव्याला मिळाले ४.३ × २.४ = साधारण १०.३ व्होल्ट. उरलेले १.७ व्होल्ट सांध्यानेच खाल्ले. तिथे ७ वॅटच्या आसपास उष्णता तयार होते, म्हणून तो बोल्ट हाताला गरम लागतो.

मुलं म्हणतील, “सर, १.७ व्होल्टनं काय होतं?” तारेच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने उतरतो. इथे तो जवळजवळ चाळीस टक्के कमी होईल! रात्री जबलपूर रोडच्या अंधारात हा फरक जिवावर बेतू शकतो. (थंड झालेल्या तारेचा रोध थोडा कमी होतो. ते आपण इथे सोडून दिलं आहे. हुशार मुलांना तो प्रश्न जरूर घाला.)

सेल्फ मारताना तर शंभर अँपिअर किंवा त्याहून जास्त धारा लागते. तिथे ०.०२ ओहम रोधही २ व्होल्ट खातो. सेल्फ नुसता कण्हतो आणि आपण म्हणतो, बॅटरी गेली. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून त्याला बॉडीशी जोडणारी वेगळी जाड पट्टी असते. ती तुटली तर धारा चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढते आणि केबल तापते. नवी बॅटरी टाकून हा दोष जाईल का? नाही ना!

मुलांसाठी एक कोडं

ब्रेक दाबला की ब्रेकलाईट लागत नाही, उलट पार्किंगचे दिवे मंद पेटतात. असं का?

उत्तर: मागच्या एकाच बल्बमध्ये ब्रेकची २१ वॅटची आणि पार्किंगची ५ वॅटची अशा दोन तारा असतात. दोघींचा अर्थ एकच. तो तुटला की ब्रेकच्या तारेतून आलेली धारा पार्किंगच्या तारेत उलटी शिरते आणि दुसऱ्या बाजूच्या दिव्यातून बॉडी गाठते. समांतर असलेली जोडणी एकसर होऊन बसते. फळ्यावर आकृती काढून घ्या, मुलं स्वतःच उत्तर सांगतील.

दोष कसा शोधायचा?

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. इंजिन बंद, हेडलाईट चालू. (खालची मापं ऋण टोक बॉडीला असलेल्या गाडीची आहेत.)

१. बॅटरीच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजा. समजा १२.४ आलं.
२. बॅटरीचं धन टोक आणि दिव्याची येणारी वायर यांच्यात मोजा. समजा ०.३.
३. दिव्याच्या दोन टोकांमध्ये मोजा. समजा १०.६.
४. दिव्याचा अर्थ आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यात मोजा. समजा १.५.

बेरीज करा: ०.३ + १०.६ + १.५ = १२.४. हिशेब जुळला आणि चोरही सापडला! अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टच्या आत वाचन आलं तर ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर सांधा उघडायचा.

दिवा बंद ठेवून नुसता रोध मोजला तर फसगत होते. मीटर अगदी थोडी धारा सोडतो. वायरच्या साऱ्या तारा तुटून एकच उरली असली, तरी मीटर ‘शून्य’ दाखवतो. भार असतानाच खरी परीक्षा होते.

दुरुस्ती साधी आहे. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने थिंबल आणि बॉडी चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून घट्ट कसा, वरून थोडं ग्रीस लावा. मग पुन्हा मोजा.

काळजी घ्या

काम मोठ्यांनी करावं, मुलांनी वाचन नोंदवावं. सांधा उघडण्याआधी बॅटरीचं अर्थकडचं टोक काढा आणि ते सर्वांत शेवटी लावा. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण पाना आडवा पडला तर भाजतं. इग्निशन कॉइलजवळ मात्र हजारो व्होल्ट असतात, तिथे हात नको. बॅटरीजवळ ठिणगी नको. आणि फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याजागी जाड तार किंवा चांदी कधीच लावू नका. गाड्या पेटतात त्या अशानेच.

पालकांनो, घरी जुनी गाडी नसेल तर स्कूटरवरही हे करता येईल. बल्ब बदल, बॅटरी बदल, डायनमो बदल, असं अंदाजाने करत गेलं की खिसा रिकामा होतो आणि दोष तिथेच राहतो. आधी मोजायचं, मग पाना उचलायचा. ही सवय लागली तर मुलगा मेकॅनिक होवो की डॉक्टर, त्याला ती जन्मभर पुरेल.

स्वाध्याय: ५५ वॅटचे दोन हेडलाईट एकाच अर्थच्या बोल्टवर आहेत आणि सांध्याचा रोध ०.२ ओहम आहे. प्रत्येक दिव्याला किती व्होल्ट मिळतील? वर्गात सोडवून बघा.