पाणी आणणें आणि पाणी राखणें

गांवांत कूपनलिका खोदली व तिच्यावर हातपंप बसविला, म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला असें आपण समजतों. परंतु खोदणें हें थोड्या दिवसांचें काम आहे, आणि राखणें हें वर्षानुवर्षांचें. हा धडा महाराष्ट्रास कसा शिकावा लागला, तें आज पाहूं.

१. पहिले पंप कां मोडले? आपल्या दख्खनचा काळा खडक कठीण. त्यांत विहीर खोदण्यास श्रम फार, आणि उन्हाळ्यांत ती आटते. म्हणून १९६० नंतर यंत्रानें खोल भोंकें पाडून त्यांवर बिडाचे पंप बसविण्यांत आले. ते मूळचे परदेशांतील एकेका कुटुंबाच्या अंगणाकरितां योजिलेले होते. येथें मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंत शेंकडों हात त्यांवर पडत. बीड ठिसूळ, सांधे झिजत व दांडा तुटे. पंप बंद पडला कीं बाया पुन्हां डबक्याकडे वळत, आणि हगवण, पटकी व नारू हे रोग घरांत परत येत.

२. उपाय कोठें सांपडला? जालना येथील स्कॉटिश मिशनच्या कामांत पोलादाचा, एकाच सांध्यावर हालणारा पंप तयार झाला. सोलापुरास ऑस्कर कार्लसन या स्वीडिश मिशनरी गृहस्थांनीं दांड्यास साखळी जोडली; त्यामुळें आंतील सळई सरळ वर-खालीं होई व झीज कमी होई. या अनुभवावरून १९७० नंतरच्या दशकांत सरकार, युनिसेफ व मद्रासचा एक कारखाना यांनीं मिळून ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध केला. तो कोणाच्या मालकीचा ठेविला नाहीं. म्हणून अनेक कारखान्यांनीं तो केला, व आफ्रिकेंतही तो गेला.

३. तरीही एक उणीव राहिली. आंतील चामड्याचा वायसर झिजला कीं सर्व नळ वर ओढावे लागत, व त्यासाठीं बाहेरून टोळी येईपर्यंत गांव तहानलेलें राही. पुढें ‘मार्क तीन’ पंपांत नळ न काढतां दट्ट्या वर घेण्याची सोय झाली. हेतु हा कीं, गांवच्याच माणसानें दुरुस्ती करावी.

४. आपण काय करावें?

(अ) पंपाभोंवतालचा ओटा फुटूं देऊं नये. फटींतून घाण पाणी नळाच्या कडेनें खालीं मुरतें. सांडपाणी दूर न्यावें. गुरें व संडासाचा खड्डा जवळ नसावा.

(आ) उघड्या विहिरींत टीसीएल पावडर योग्य मापानें पडते कीं नाहीं, हें ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकास विचारावें. अर्ध्या तासानंतर पाण्यांत लिटरमागें निदान ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावें.

(इ) घरीं हंडा झांकावा व पाणी ओगराळ्यानें घ्यावें. शुद्ध पाणी हात बुडविल्यानें बिघडतें.

(ई) स्वच्छ दिसतें तें निर्दोष असतेंच असें नाहीं. लिटरमागें १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असल्यास मुलांचे दांत डागाळतात व पुढें हाडें दुखावतात. उकळून तें जात नाहीं. म्हणून पाण्याची तपासणी करवून घ्यावी.

(उ) दुरुस्तीसाठीं दरमहा घरटी थोडी वर्गणी ठेवावी, दोन राखणदार नेमावे, त्यांत एक बाई असावी, आणि हिशेब सर्वांसमोर वाचावा. पाणी भरणाऱ्या बाईस पंपाची नाडी प्रथम कळते.

५. पाणी सर्वांचें आहे. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्याचा हक्क डॉ. आंबेडकरांस १९२७ सालीं हजारों लोकांसह बजावावा लागला. ज्या पंपावर एखाद्या घरास मागें सारलें जातें, तो पंप चालू असूनही त्या घरास बंदच आहे. आपल्या वस्तीच्या पंपावरही कोणास मागें सारूं नये.

इसहाकाच्या काळीं शत्रूंनीं बापाच्या विहिरी मातीनें बुजविल्या होत्या. त्या त्यानें पुन्हां उकरल्या. नवी खोदण्याइतकेंच तें मोलाचें काम होतें.

वर्गांत विचारण्याचे प्रश्न : आपल्या गांवचा पंप मागें केव्हां बंद पडला, व किती दिवसांनीं सुरू झाला? त्याचा ओटा या आठवड्यांत कोण पाहील? कोणतें घर अद्यापि पाण्यावांचून आहे?