प्रेस म्हणजे कोणती प्रेस?

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या रोजच्या बोलण्यात कितीतरी इंग्रजी शब्द येतात. टेबल, बस, तिकीट, नंबर, पास हे शब्द मराठीत आहेत आणि तुमच्या उर्दूतही आहेत. त्यांचा अर्थ कोणी विचारत नाही, कारण तो सर्वांना माहीत आहे असे आपण धरून चालतो. पण कधी कधी बोलणाऱ्याच्या मनात एक अर्थ असतो आणि ऐकणारा दुसराच अर्थ घेतो. आज आपण असाच एक शब्द पाहू. तो शब्द आहे 'प्रेस'.

नाशिकच्या एका शाळेतील प्रसंग ऐका. आठवीच्या वर्गात शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे होते. अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना होता. एका मुलाने त्यात सुंदर अक्षरात एकच शब्द लिहिला, 'प्रेस'. संध्याकाळी सर अर्ज तपासत बसले. 'प्रेस' हा शब्द वाचून त्यांना वाटले, याचे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला आहेत. पक्की नोकरी आणि चांगला पगार असताना ही शिष्यवृत्ती मिळणार नव्हती. सरांनी तो अर्ज बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारले, "अरे, तुझे वडील प्रेसमध्ये आहेत ना? मग तू अर्ज का भरलास?"

मुलगा गोंधळला. तो म्हणाला, "नाही सर, अब्बा प्रेसमध्ये नाहीत. अब्बा प्रेस करतात."

सरांच्या लक्षात आले. मुलाचे वडील गल्लीच्या कोपऱ्यावर हातगाडी लावून लोकांच्या कपड्यांना इस्त्री करत होते. अर्ज जमा करायचा तो शेवटचा दिवस होता. सरांनी ताबडतोब तो अर्ज शोधून काढला.

पाहा, मुलाने खोटे लिहिले नव्हते. त्याचे शुद्धलेखनही चुकले नव्हते. सरांनीही शब्द बरोबर वाचला होता. तरीही एका गरजू मुलाची शिष्यवृत्ती जाण्याची वेळ आली. असे का झाले? शब्द एकटा होता म्हणून! 'प्रेसमध्ये' आणि 'प्रेस करतात' यांत किती अंतर आहे, हे आता तुम्हांला समजले असेल. उर्दूतही 'प्रेस में हैं' आणि 'प्रेस करते हैं' यांत असाच फरक पडतो.

आता या शब्दाचे मूळ पाहू. इंग्रजीत 'प्रेस' या क्रियापदाचा साधा अर्थ 'दाबणे' असा आहे. उर्दूत आपण 'दबाना' म्हणतो. यंत्रावर 'बटण प्रेस करा' असे सांगतात, तेव्हा हाच पहिला अर्थ असतो. गरम इस्त्री कापडावर दाबून फिरवली की सुरकुत्या जातात, म्हणून ते कपडे 'प्रेस करणे' झाले. यासाठी मराठीत 'इस्त्री' आणि उर्दूत 'इस्तरी' असा जवळजवळ एकच शब्द आहे. स्वयंपाकघरातील 'प्रेशर कुकर' हा शब्दही 'प्रेस'च्याच घराण्यातला आहे, कारण त्यात वाफेचा दाब असतो. डॉक्टर 'ब्लड प्रेशर' म्हणतात, त्याला मराठीत 'रक्तदाब' म्हणतात. त्यातही 'दाब' आहेच.

छपाई करतानाही कागद शाई लावलेल्या अक्षरांवर दाबत असत. म्हणून छपाईच्या यंत्राला 'प्रेस' म्हणू लागले. पुढे ते यंत्र ज्या जागी असते, त्या जागेलाही 'प्रेस' हेच नाव मिळाले. मराठीत तिला 'छापखाना' किंवा 'मुद्रणालय' म्हणतात. उर्दूत 'छापाखाना' आणि 'मतबा' हे शब्द आहेत. 'छापखाना' या शब्दाची गंमत पाहा. 'छाप' हा इथला शब्द आणि 'खाना' हा फारसी शब्द. कारखाना आणि दवाखाना या शब्दांतही हाच 'खाना' आहे.

नाशिकमध्ये मात्र 'प्रेस' म्हटले की लोकांना एक खास ठिकाण आठवते. नाशिकरोड येथे १९२५ साली 'इंडिया सिक्युरिटी प्रेस' सुरू झाली. तिचे हिंदीतील नाव 'भारत प्रतिभूती मुद्रणालय' असे आहे. त्यापूर्वी भारताची टपाल तिकिटे लंडनमध्ये छापून येत. १९२६ पासून ती नाशिकला छापली जाऊ लागली. भारत स्वतंत्र झाल्यावर २१ नोव्हेंबर १९४७ रोजी देशाचे पहिले टपाल तिकीट निघाले. त्यावर तिरंगी झेंडा आणि 'जय हिंद' ही अक्षरे होती. त्याची किंमत साडेतीन आणे होती. ते तिकीटही नाशिकलाच छापले होते. परदेशी जाण्यासाठी लागणारे पासपोर्टही याच प्रेसमध्ये छापतात.

तिच्या शेजारी १९२८ साली 'करन्सी नोट प्रेस' सुरू झाली. येथे चलनी नोटा छापतात. घरातील मोठ्या माणसांकडून शंभर रुपयांची नोट मागून घ्या आणि गांधीजींच्या चित्रावरून हलके बोट फिरवा. बोटाला थोडा उंचवटा लागेल. असे चित्र छापण्यासाठी धातूच्या पत्र्यावर ते आधी कोरतात. कोरलेल्या रेघांत शाई भरतात. मग त्यावर कागद मोठ्या जोराने दाबतात, तेव्हा शाई कागदावर उठून येते. म्हणजे 'दाबणे' हा 'प्रेस'चा मूळ अर्थ तुम्हांला बोटाने तपासता येतो!

आता ती नोट उलटी करा. मागच्या बाजूला एका पट्टीत पंधरा भाषांमध्ये नोटेची किंमत लिहिलेली आहे. त्यात मराठीत 'शंभर रुपये' आहे आणि सर्वांत खाली उर्दूत 'एक सौ रुपये' आहे. तुमच्या घरातील भाषा आणि तुम्ही शिकत असलेली भाषा एकाच पट्टीत बसल्या आहेत.

नाशिकमध्ये आणखी एक सरकारी प्रेस आहे. ती गांधीनगरला आहे. म्हणून द्वारकेहून नाशिकरोडच्या बसमध्ये चढून "प्रेसचे एक तिकीट द्या," एवढेच म्हटले, तर कंडक्टर विचारू शकतात, "कोणती प्रेस? गांधीनगरची की नाशिकरोडची?" गांधीनगर आधी येते. तिथे उतरलात, तर नाशिकरोडसाठी पुन्हा दुसरी बस पकडावी लागेल.

'प्रेस'चा आणखी एक अर्थ राहिला. वर्तमानपत्रे छापखान्यात तयार होतात, म्हणून वर्तमानपत्रांना आणि बातम्या देणाऱ्या लोकांनाही 'प्रेस' म्हणतात. मोटारसायकलवर 'प्रेस' लिहिलेले तुम्ही पाहिले असेल. त्या माणसाचा इस्त्रीशी काही संबंध नसतो. तो वार्ताहर असतो. मराठीत त्याला 'पत्रकार' म्हणतात, उर्दूत 'सहाफी'. उर्दूतील पहिले वर्तमानपत्र 'जाम-ए-जहाँनुमा' १८२२ साली कलकत्त्यात निघाले. मराठीतील पहिले वर्तमानपत्र 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत सुरू केले. म्हणून महाराष्ट्रात ६ जानेवारी हा 'पत्रकार दिन' म्हणून पाळतात.

मित्रांनो, एका शब्दाचे इतके अर्थ कसे लक्षात ठेवायचे, अशी काळजी करू नका. शब्दाचा शेजारी पाहा. 'बटण प्रेस करा', 'शर्ट प्रेस करा', 'पुस्तक प्रेसमध्ये आहे', 'मंत्री प्रेसशी बोलले' या वाक्यांत शेजारचे शब्दच अर्थ सांगतात. बोलताना चूक झाली, तर समोरचा माणूस लगेच विचारतो. अर्जावरचा कागद मात्र विचारत नाही. म्हणून अर्ज लिहिताना एक शब्द जास्त लिहावा लागला तरी चालेल, पण अर्थ स्पष्ट असावा.

त्या मुलाने काय केले, ते सांगायचे राहिले. त्याने 'प्रेस' या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिले, 'कपड्यांना इस्त्री करणे'. सरांनी तो अर्ज इतर अर्जांबरोबर ठेवला आणि त्याच दिवशी कार्यालयात पाठवला.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सरांनी मुलाचा अर्ज बाजूला का ठेवला?
(आ) १९२६ पूर्वी भारताची टपाल तिकिटे कोठे छापली जात?
(इ) नोटेवरील चित्र बोटाला का जाणवते?

२. 'प्रेस'ऐवजी योग्य मराठी शब्द वापरून वाक्ये पुन्हा लिहा.
(अ) ईदचा कुर्ता प्रेस करून आण.
(आ) लग्नपत्रिका अजून प्रेसमध्येच आहे.
(इ) दाराची घंटी प्रेस करा.
(ई) सभेला प्रेसचे लोक आले होते.

३. उर्दूत 'पास' म्हणजे जवळ. मराठीत 'परीक्षेत पास होणे' आणि 'एसटीचा पास' असेही म्हणतात. हे तीन अर्थ दाखवणारी तीन वाक्ये लिहा. उर्दू अर्थाच्या वाक्यात 'पास'ऐवजी मराठी शब्द वापरा.