खोकडाची शिकार : इंग्लंडातील एका दीर्घ वादाचा अभ्यास

ज्यांच्या खुराड्यातून रात्री कोंबडी नाहीशी झाली आहे, किंवा ज्यांना नुकतेच जन्मलेले कोकरू पहाटे फाडलेले सापडले आहे, त्यांस रानच्या जनावरावर दया करा असे सांगणे सोपे नाही. उलटपक्षी, भेदरलेले जनावर कुत्र्यांच्या तोंडी जाताना ज्याने एकवार पाहिले आहे, त्यास ते विसरून जा असे सांगणेही सोपे नाही. ह्या दोन अनुभवांच्या ओढाताणीतून इंग्लंड देशात एक वाद उत्पन्न झाला, व त्याने त्या देशाच्या पार्लमेंटास पुष्कळ वर्षे स्वस्थता लाभू दिली नाही. तो वाद आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. दोन्ही पक्ष एकाच प्रश्नावर भांडत आहेत असे वरवर पाहता दिसते. परंतु नीट पाहिले असता प्रश्न दोन आहेत. खोकड मारण्याची गरज आहे काय, हा एक. आणि मारावयाचेच तर त्याचा खेळ करावा काय, हा दुसरा. हे दोन प्रश्न वेगळे न ठेविल्यामुळे किती घोटाळा होतो, हे पुढे दिसून येईल.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. इंग्लंडातील हा प्राणी अंगाने तांबूस व झुबकेदार शेपटीचा असून आपल्याकडील खोकडाचा भाऊबंद आहे. मात्र आकाराने त्याहून थोर. पुष्कळ लोक त्यास कोल्हा म्हणतात, परंतु कोल्हा हा निराळा, लांडग्याच्या अधिक जवळचा प्राणी होय. मराठी शुभवर्तमानात ज्याला बिळे असतात असे सांगितले आहे ते खोकडच. म्हणून आम्हीही तोच शब्द योजतो.

ही शिकार बंदुकीची नव्हे. वास काढण्यात तरबेज अशा तीस-चाळीस कुत्र्यांचा कळप, त्यांस शिंग फुंकून चालविणारा शिकारी, त्याचे मदतनीस, आणि त्यांच्या मागोमाग तांबडे डगले घालून घोड्यांवरून कुंपणे व चर ओलांडीत जाणारी मंडळी, असा हा लवाजमा असतो. हंगाम मुख्यतः नोव्हेंबरापासून वसंताच्या आरंभापर्यंतचा. एक गोष्ट मात्र चित्रांत दिसत नाही, ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. खोकड रात्री भक्ष्यासाठी बाहेर पडते. ते बाहेर असताना एक मनुष्य रानात हिंडून त्याच्या बिळांची तोंडे बुजवून ठेवीत असे, यासाठी की दिवसा कुत्री मागे लागल्यावर त्याला घरात शिरता येऊ नये. इतके करूनही एखादे खोकड जमिनीत शिरलेच, तर लहान कुत्री आत सोडून व कुदळीने खणून त्यास बाहेर काढीत. ह्या कामाच्या लहान कुत्र्यांची जी जात जगभर प्रसिद्ध आहे, तिला डेव्हन परगण्यातील जॉन रसेल नामक एका पाळकाचे नाव मिळाले आहे. हे गृहस्थ १७९५ साली जन्मले व १८८३ साली वारले. शिकारीचा त्यांस मोठा नाद होता. तेव्हा पाळकवर्ग सरसकट दयेच्या बाजूचा होता असे कोणी समजू नये.

तथापि दुसऱ्या बाजूसही एक पाळक उभा होता, आणि त्याची हकीकत कमी लोकांस ठाऊक आहे. जनावरांचे क्रौर्यापासून रक्षण करणारा पहिला इंग्रजी कायदा १८२२ साली झाला. तो गॉलवेचे प्रतिनिधी रिचर्ड मार्टिन यांनी मांडिला होता. त्यात घोडे, गाढवे, गाई, बैल, मेंढ्या इत्यादींची नावे होती. वळूचे नाव नव्हते, म्हणून वळू त्यात मोडत नाही असा अर्थ न्यायालयांनी लाविला! पुढे १६ जून १८२४ रोजी लंडनातील एका कॉफीगृहात काही मंडळी जमली. त्यांत मार्टिन होते, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडलेले विल्यम विल्बरफोर्स होते, आणि सभा बोलाविणारे पाळक आर्थर ब्रूम होते. तेथे जी मंडळी स्थापन झाली तीच आज राजाश्रयप्राप्त प्राणिरक्षक मंडळी म्हणून ओळखिली जाते. ब्रूम ह्यांनी तिच्यासाठी आपली पाळकाची नेमणूक सोडिली, आणि १८२६ साली मंडळीच्या कर्जापायी त्यांस तुरुंगात जावे लागले.

१८३५ साली दुसरा कायदा होऊन वळू व अस्वले यांवर कुत्री सोडण्याचे खेळ आणि कोंबड्यांच्या झुंजीचे आखाडे बंद झाले. आता येथे वाचकांनी थोडे थांबावे. वळूवर कुत्री सोडणे बंद झाले. खोकडावर कुत्री सोडणे चालू राहिले. असे का? वळूचा खेळ मुख्यतः मजुरांचा व कारागिरांचा, आणि खोकडाची शिकार जमीनदारांची. व पार्लमेंटात त्या काळी बसत होते ते जमीनदार. सिडनी स्मिथ नावाच्या एका विनोदी पाळकाने तर १८०९ सालीच, लोकांचे दुर्गुण मोडू पाहणाऱ्या एका मंडळीवर टीका करिताना, ह्यांना फक्त गरिबांचेच दुर्गुण दिसतात असा टोला हाणिला होता. दयेचा कायदा प्रथम गरिबाच्या दारी गेला आणि श्रीमंताच्या दारी जावयास त्यास आणखी एकशे एकोणसत्तर वर्षे लागली, ही गोष्ट प्राणिरक्षकांना भूषणावह नाही. त्यांचे पुढील म्हणणे आम्हांस पुष्कळ अंशी पटते; म्हणूनच हे स्पष्ट सांगणे आम्हांस अवश्य वाटते.

आपल्या देशातही ह्याच चालीचा अनुभव आला. इंग्रज अंमलदारांनी उटकमंड येथे कुत्र्यांचे कळप पाळून खोकडाऐवजी कोल्ह्यांचा पाठलाग चालविला. राखीव जंगलात शिकार करणे व फासे लावणे हे १८७८ च्या जंगल कायद्याने नियमांखाली आणिले. साहेबास परवाना मिळे, आणि तितर व हरिण धरून पोट भरणारा फासेपारधी मात्र गुन्हेगार जमात म्हणून नोंदिला गेला. ती नोंद १९५२ साली रद्द झाली. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राजा व पारधी ह्या दोघांसही शिकारीची मनाई केली. मात्र जीवितास किंवा उभ्या पिकास अपाय करणाऱ्या जनावराविषयी वनाधिकाऱ्याने लेखी परवानगी देण्याची वाट ठेविली. म्हणजे गरजेचा प्रश्न कायद्याने मान्य केला, खेळाचा नाही. परवानगी हाती पडेपर्यंत डुकरे शेत उकरून जातात ही शेतकऱ्याची तक्रार आम्ही जाणतो. परंतु तो निराळा पाठ होईल.

आता इंग्लंडाकडे वळू. प्राणिरक्षक मंडळी शिकारीविषयी कचरते असे पाहून हेन्री एमस व अर्नेस्ट बेल ह्यांनी १९२४ साली क्रूर खेळांविरुद्ध निराळा संघ काढिला. शिकारीच्या कैवाऱ्यांनी १९३० साली आपली संस्था स्थापिली. १९४९ साली शिकार बंद करण्याचा प्रयत्न पार्लमेंटात फसला. सरकारने एक समिती नेमिली, आणि तिने १९५१ साली असा अभिप्राय दिला की खोकड मारण्याच्या इतर बहुतेक रीतींपेक्षा ह्या रीतीत क्रौर्य कमीच आहे.

शिकारीच्या बाजूचे हे प्रमाण बळकट आहे, व ते हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. ते म्हणतात : बंदुकीची गोळी नेहमी वर्मी लागत नाही, जखमी जनावर झुडपात जाऊन दिवसचे दिवस कुजत मरते. तारेच्या फाशात अडकलेले जनावर रात्रभर तडफडते. कुत्र्यांच्या शिकारीत मात्र एक तर पुढचे कुत्रे क्षणात मान अथवा पाठ मोडते, नाही तर खोकड धडधाकट निसटून जाते. अर्धमेले कोणी राहत नाही. शिवाय गावोगावचे नालबंद, घोडेवाले, कुत्री राखणारे ह्यांची पोटे त्यावर चालतात. आणखी एक गोष्ट आहे. शेतकऱ्यांची मेलेली ढोरे हे शिकारी कळप उचलून नेत व कुत्र्यांस घालीत. मेलेले ढोर ओढून नेणे हे गावाच्या दृष्टीने केवढे काम आहे, आणि ते करणारा नसला तर काय होते, हे आमच्या पुष्कळ वाचकांस त्यांच्या वाडवडिलांच्या अनुभवाने ठाऊक आहे.

विरुद्ध पक्ष म्हणतो : मरण क्षणाचे असेल, परंतु त्यापूर्वीचा पाठलाग क्षणाचा नाही. ज्याचे घर रात्री बुजविले त्यास निसटण्याची समान संधी दिली असे कसे म्हणावे? आणि गरजेविषयी बोलाल तर जुन्या शिकाऱ्यांचे वर्तन पाहा. त्यांनी खोकडांस लपावयास मुद्दाम झाडी लाविली, त्यांच्यासाठी बिळे बांधविली. एकोणिसाव्या शतकात खोकडे कमी पडू लागली तेव्हा परदेशांतून आणविलेली खोकडे लंडनच्या लेडनहॉल बाजारात विकत मिळत. कोणा शेतकऱ्याने आपल्या कोंबड्यांसाठी खोकडास गोळी घातली तर त्याची नाचक्की होई. त्याने शिकारी मंडळीकडून कोंबड्यांची भरपाई घ्यावी अशी रीत होती. ज्याचा उपद्रव नाहीसा करावयाचा त्याचीच पैदास राखावयाची, हे कसे? आमच्या मते ह्या आक्षेपास समाधानकारक उत्तर कधी मिळाले नाही. जो उंदीर मारू इच्छितो तो उंदरांसाठी कणगी बांधीत नाही.

१९९९ च्या अखेरीस सरकारने लॉर्ड बर्न्स ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमिली. शिकार बंद करावी की नाही हा प्रश्न त्यांस विचारलाच नव्हता. केवळ वस्तुस्थिती शोधावयाची होती. जून २००० मधील त्यांच्या अहवालाप्रमाणे नोंदलेले कळप दरवर्षी २१,००० ते २५,००० खोकडे मारीत. सहा ते आठ हजार माणसांच्या पूर्ण वेळाच्या कामाइतका रोजगार शिकारीवर अवलंबून होता. आणि जगण्याजोग्या कोकरांपैकी खोकडांमुळे मरणारी शंभरांत दोनांहूनही कमी होती. वेल्ससारख्या डोंगराळ मुलखात मात्र कुत्र्यांवाचून खोकड झाडीतून काढणे कठीण, असेही त्यात म्हटले होते. पाठलागाने व मारण्याने खोकडाच्या हिताला गंभीर बाध येतो, ह्या अहवालातील वाक्याचा प्राणिरक्षकांनी विजयपताकेप्रमाणे उपयोग केला. तेव्हा पुढल्या वर्षी लॉर्ड बर्न्स ह्यांनी सरदारांच्या सभेत सांगितले की, आम्ही ही रीत क्रूर आहे असे ठरविले नाही. तसे ठरविण्याइतका पुरावा आमच्यापाशी नव्हता. लगेच शिकारी पक्षाने ते वाक्य उचलिले. एकाच मनुष्याच्या दोन वाक्यांवर दोन सैन्ये उभी राहिली!

ह्याच सुमारास एक अकल्पित परीक्षा झाली. २००१ साली जनावरांत लाळ्या-खुरकुताची साथ पसरल्यामुळे देशभर शिकार बंद ठेवावी लागली, ती वर्षाचा बहुतेक भाग बंदच होती. संशोधकांनी आधी व नंतर ठराविक जागी खोकडांची लेंडके मोजून पाहिली. खोकडे वाढल्याचे चिन्ह त्यांस आढळले नाही, आणि तो निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला.

त्या वर्षी सप्टेंबरात चार लक्षांवर लोक लंडनच्या रस्त्यांतून शिकारीच्या बाजूने चालत गेले. त्यांत सरदार होते तसे गुराखी व मजूरही होते. शहरातील लोक आम्हांस न ओळखता आमच्या गावाचे कायदे करितात, अशी त्यांची व्यथा होती. ही व्यथा आम्हांस खरी वाटते. वर्षअखेरीस सरकारने एक मधला मार्ग सुचविला. ज्याला शिकार करावयाची त्याने दोन गोष्टी सिद्ध कराव्या : ही शिकार उपयोगाची आहे, आणि इतर उपायांपेक्षा हिने यातना कमी होतात. सिद्ध केल्यास परवाना मिळावा. आम्ही आरंभी जे दोन प्रश्न वेगळे केले, त्यांस वेगळेपणाने विचारणारी ही एकच योजना त्या साऱ्या वादात आम्हांस दिसते. परंतु २००३ साली लोकसभेने ती मोडून तिच्या जागी सरसकट बंदी घातली. सरदारांच्या सभेने बंदी नाकारिली. शेवटी लोकसभेची इच्छा वरचढ करणारे १९११ व १९४९ चे कायदे लावून १८ नोव्हेंबर २००४ रोजी बंदीचा कायदा झाला, व १८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड व वेल्स येथे तो लागू झाला. स्कॉटलंडने आपला कायदा २००२ सालीच केला होता. ज्यांच्या कारकीर्दीत हे झाले त्या मुख्य प्रधान टोनी ब्लेअर ह्यांनी २०१० साली आपल्या आठवणींत ह्या कायद्याविषयी खेद प्रकट केला.

कायद्यात काही वाटा ठेविल्या होत्या. दोन कुत्र्यांनी खोकड उठवून बंदुकीपुढे आणण्यास मोकळीक होती. शिकारी पक्ष्यासाठी उठवावयाचे असल्यास कुत्र्यांच्या संख्येस मर्यादा नव्हती, म्हणून काही कळप आपल्याबरोबर गरुड घेऊन निघू लागले. बहुतेकांनी मात्र दुसरी युक्ती काढिली. खोकडाच्या मुताचा वास लाविलेले फडके एका मनुष्याने रानातून ओढीत न्यावे, आणि कुत्र्यांनी त्या वासामागे जावे. वाटेत खरे खोकड आडवे आले तर तो अपघात, असे शिकारी म्हणतात. हे अपघात फार होतात, असे विरोधक म्हणतात. २०२१ साली नॅशनल ट्रस्ट ह्या मोठ्या संस्थेच्या सभासदांनी आपल्या जमिनीवर हा प्रकार नको असा कौल दिला, व ट्रस्टने परवाने देणे बंद केले. स्कॉटलंडने २०२३ साली आपला कायदा अधिक कडक केला. २०२४ च्या जुलैत निवडून आलेल्या मजूर पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात ही फडक्याची शिकारही बंद करण्याचे वचन दिले होते.

बंदी लागू झाल्यानंतरही नाताळाच्या दुसऱ्या दिवशी गावांच्या चौकांत तांबडे डगले, घोडे व कुत्री जमण्याची रीत चालू राहिली. एका बाजूस मुलांना खांद्यावर घेतलेली माणसे टाळ्या वाजवीत, दुसऱ्या बाजूस निषेधाच्या पाट्या धरलेली माणसे ओरडत. आणि शिंग वाजले की कुत्री फडक्याचा वास घेत रानाकडे निघून जात.