संथ आरंभाचें मोल

गेल्या सत्रांत आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें प्रश्न केला, "सर, ज्या खेळांत दोन-दोन तास लढाईच होत नाहीं, तो खेळ लोक खेळतात तरी कां?" प्रश्न व्हिडिओ गेमविषयींचा होता, म्हणून प्रथम आम्हीं तो हंसण्यावारी नेला. परंतु मागाहून विचार करतां असें दिसून आलें कीं, कथा सांगणाऱ्या, निबंध लिहिणाऱ्या व वर्गांत शिकविणाऱ्या प्रत्येकाचाच हा प्रश्न आहे. आरंभ किती संथ असावा, आणि दुसऱ्यानें त्यासाठीं किती धीर धरावा?

ज्या पालकांस या खेळांचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं प्रथम दोन शब्द. व्हिडिओ गेममध्यें 'रोल-प्लेइंग' म्हणून एक प्रकार आहे. त्यांत खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेतो, गांवोगांव हिंडतो, लोकांशीं बोलतो, सोबती जमवितो, शत्रूंशीं लढतो व अनुभवानें हळूहळू बलवान होतो. अशी एक कथा पुरी होण्यास कित्येकदां चाळीस-पन्नास तास लागतात. म्हणजे हा खेळ चेंडूफळीपेक्षां कादंबरीला अधिक जवळचा. आणि म्हणूनच त्याच्या पहिल्या प्रकरणाचा प्रश्न उत्पन्न होतो.

जपानांत १९८६ सालीं 'ड्रॅगन क्वेस्ट' नांवाचा खेळ निघाला. युजी होरी हे त्याचे रचनाकार. त्या काळीं तेथील बहुतेक मुलांस अशा खेळाची रीत ठाऊक नव्हती. तरीही होरी यांनीं नियमांचें व्याख्यान दिलें नाहीं. त्यांनीं नायकास राजाच्या दालनांत उभें केलें व दार बंद ठेविलें. पेटी उघडावी, किल्ली घ्यावी, दार उघडावें, जिना उतरावा. एवढें साधलें कीं खेळास लागणाऱ्या मुख्य आज्ञा हातीं आल्या. थोडक्या वेळांत पाठ संपला, आणि पाठ चालला आहे असें वाटलेंही नाहीं.

त्याच मालिकेंतील सातवा खेळ २००० सालीं निघाला. त्याच्या जपानी नांवांत 'एदेनचे योद्धे' असे शब्द आहेत. त्याचा नायक एका कोळ्याचा मुलगा. जगांत आपलें एकच बेट, पलीकडे नुसता समुद्र, अशी तेथील लोकांची समजूत. राजपुत्र कीफर हा नायकाचा मित्र. दोघे जुन्या भग्न वास्तूंत हिंडतात, दगडी पाट्यांचे तुकडे शोधतात, वडील माणसांचीं बोलणीं ऐकून घेतात. पहिली लढाई येईपर्यंत दोन-तीन तास सहज निघून जातात. आमच्या विद्यार्थ्याची तक्रार याच खेळाविषयीं होती. आणि ती अगदींच अवास्तव नव्हे. २०१३ सालीं या खेळाची नवी आवृत्ति निघाली, तेव्हां तिच्या कर्त्यांनींच हा आरंभ बराच आंखूड केला.

परंतु नाण्याची दुसरी बाजू पाहा. पुढें एके प्रसंगीं कीफर भूतकाळांतील एका टोळीबरोबर राहण्याचें ठरवितो व मित्रांचा कायमचा निरोप घेतो. तो पुन्हां परत येत नाहीं. ज्यानें त्या बेटावर त्याच्या संगतीनें कांहीं घाई नसलेले दिवस घालविले, त्यालाच हा वियोग जाणवतो. ज्यानें घाईघाईनें बटणें दाबून संभाषणें उरकलीं, त्याच्या दृष्टीनें एक लढवय्या कमी झाला, एवढेंच.

याच्या उलट उदाहरण १९९७ सालच्या 'फायनल फॅन्टसी' मालिकेंतील सातव्या खेळाचें. आगगाडी स्थानकांत शिरते, नायक क्लाउड खालीं उडी टाकतो, आणि दोन-चार मिनिटांत लढाई जुंपते. आरंभ इतका वेगवान. पण त्यानंतर कर्ते गति मुद्दाम मंद करतात व आपणांस मिडगार नगराच्या गरीब वस्तींतून हिंडवितात. पुढें त्या वस्तीवरील अवजड छतच शिन्रा कंपनी खालीं पाडते. तेथील लोकांना आपण भेटलों असल्यामुळें तो घाव मनाला लागतो. मूळ खेळांत मिडगारचा हा पहिला भाग थोड्या तासांचा होता. २०२० सालीं त्या एवढ्याच भागाचा एक संपूर्ण खेळ केला गेला. वस्तींतील माणसें अधिक जिवंत झालीं. पण कांहीं ठिकाणीं पाल्हाळ झाला, अशीही टीका झाली.

एक आरंभ कापला, दुसरा वाढविला. आणि दोन्ही कामें स्क्वेअर एनिक्स या एकाच कंपनीच्या नांवें झालीं! यावरून दिसतें कीं घड्याळ हें खरें माप नव्हे. खरें माप आम्हांस असें वाटतें: आरंभ संपतांना, जें गमावल्यास आपणांस दुःख होईल असें कांहीं आपल्या पदरीं पडलें आहे काय? पडलें असेल तर तो वेळ पेरणीचा. नसेल तर तो नुसता खोळंबा.

पवित्र शास्त्रांतही दोन्ही रीती आहेत. मत्तयाचें शुभवर्तमान लांब वंशावळीनें सुरू होतें. मार्क जन्मकथाही न सांगतां थेट रानांत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाजवळ नेतो. अब्राहाम व दावीद यांच्या वंशाची वाट पाहणाऱ्या यहूदी वाचकास ती वंशावळ कंटाळवाणी नव्हती. ती त्याच्या अंतःकरणांतील प्रश्नाचें उत्तरच होती. आणि पेरणाऱ्याच्या दृष्टांतांत खडकाळ जमिनीवरचें बीं सर्वांत लवकर उगवलें, पण मूळ नसल्यामुळें वाळून गेलें, हेंही विसरूं नये.

येथें आम्हांस आमची चूक कबूल केली पाहिजे. त्या मुलास धीर धरण्याचा उपदेश करून आम्ही घरीं आलों, आणि मनांत आलें कीं, यानें आमच्याच तासाविषयीं हा प्रश्न केला असता तर? नवा धडा घेतांना अर्धा तास आम्ही फळ्यावर व्याख्या लिहीत असतों. ती किल्ली नव्हे, नुसतें बंद दार होय. त्या दिवसापासून तास एखाद्या प्रश्नानें सुरू करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

विद्यार्थिमित्रहो, पुढचा निबंध लिहून झाल्यावर त्याचा पहिला परिच्छेद हातानें झांकून उरलेला वाचून पाहा. कांहींच उणें वाटलें नाहीं, तर तो परिच्छेद खुशाल खोडा. परंतु दुसऱ्याचें पुस्तक वाचतांना मात्र पहिल्या कंटाळ्यासरशीं तें मिटूं नका. निदान दोन बैठकी त्यास द्या. पालकहो, खेळाच्या वेळेस मर्यादा आपण अवश्य घालावी. पण मूल कोणत्या पात्रासाठीं हळहळलें, हें एकदां त्यास विचारावें. स्वतः लिहितांना कठोर व दुसऱ्याचें ऐकतांना सहनशील, हा नियम लेखणीस लागू आहे, तसाच मैत्रीसही. नव्या विद्यार्थ्याशीं पहिल्या दिवशीं जमलें नाहीं म्हणून त्याच्या शेजारचा बांक सोडूं नये. कदाचित् तोच आपला कीफर असेल.