पाठीवरचे ओझे उतरल्यावर

शेतकरी कधी निवृत्त होत नाही. हातपाय चालतात तोवर तो शेतावर जातो. पण आपल्या गावांतली कितीतरी माणसे पोटासाठी शहरात गेली. तिथल्या कामाला वयाची मर्यादा असते. एक दिवस हार आणि नारळ हाती येतो. दुसऱ्या दिवसापासून काम बंद. मग दिवस कसा घालवायचा? प्रश्न साधा दिसतो, पण तो भल्याभल्यांना खचवतो. आज आपण त्याचाच विचार करू.

त्यासाठी नवी मुंबईला जाऊ. हे शहर फार जुने नाही. ते वसवण्यासाठी १९७० साली सिडको ही सरकारी कंपनी निघाली. ९५ गावांच्या जमिनीवर शहर वसवायचे ठरले. तिथले मूळचे लोक आगरी आणि कोळी. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी हे त्यांचे धंदे. पुढे मुंबईतले मोठे घाऊक बाजार तिकडे हलले. कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ साली गेला. भाजी आणि फळांचा बाजार १९९६ साली गेला. बाजारामागे माथाडी आले. माथाडी म्हणजे डोक्या-पाठीवर ओझी वाहणारे कामगार. त्यांत सातारा आणि पुणे जिल्ह्यांतले पुष्कळ. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना बांधली. १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यामुळे हमाली करणाऱ्यालाही भविष्य निर्वाह निधीचा आधार मिळाला.

असाच एक माथाडी डोळ्यांसमोर आणा. त्यांना आपण तात्या म्हणू. मूळ गाव साताऱ्याकडचे. आता घणसोलीत मुलाकडे राहतात. वय ६८. गळ्यात तुळशीची माळ.

काम सुटल्यावर पहिले काही महिने तात्या घरात बसून राहिले. मुलगा कामावर, नातवंडे शाळेत. तात्या भिंतीकडे बघत. जेवण गोड लागेना. "आता मी कुणाच्या कामाचा?" असे म्हणत. जन्मभर पाठीवर पोते होते. ते उतरले, आणि मनावर दुसरेच ओझे चढले.

एके दिवशी सूनबाई म्हणाली, "तात्या, सकाळचं दूध तुम्ही आणाल का? मला घाई होते हो." काम एवढेसे. पण तात्या त्यासाठी पहाटे उठू लागले. चार पावले चालू लागले. तिथून दिवस बदलला.

आता त्यांचा दिवस कसा जातो, पाहा. सकाळी दूधवाला म्हणतो, "राम राम तात्या!" तात्याही "राम राम" करतात. वाटेत कोळीणबाई पाटी मांडून बसलेली असते. तात्या माळकरी. ते मासळी कशाला घेतील? तरी ती हसून विचारते, "तात्या, आज तरी घेताय का?" तात्या म्हणतात, "पुढच्या जन्मी बघू, बाई!" दोघेही हसतात. घेणे नाही, देणे नाही. पण सकाळ गोड होते.

मग तात्या विरंगुळा केंद्रात जातात. नवी मुंबई महानगरपालिकेने म्हाताऱ्या माणसांसाठी ठिकठिकाणी अशी केंद्रे काढली आहेत. चार माणसांनी बसावे, बोलावे, यासाठीच ती आहेत. तिथे एक आगरी आजोबा येतात. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. वर्तमानपत्र वाचवत नाही. तात्या उतारवयात साक्षरतेच्या वर्गात अक्षरे शिकले. ते बोट ठेवून, अक्षर जुळवून मोठ्याने वाचतात. आजोबा घाई करत नाहीत. बातमी संपली की ते मिठागरांच्या गोष्टी सांगतात. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत गुलाबी रोहित पक्षी हजारोंनी येतात, त्यांच्या गोष्टी सांगतात. एकाने वाचायचे, दुसऱ्याने सांगायचे. दोघांनाही आपण कामाचे आहोत असे वाटते.

एकदा हे आजोबा आले नाहीत. दहा वाजले, अकरा वाजले. तात्या उठले आणि त्यांच्या घरी गेले. घरची माणसे कामावर गेलेली. आजोबा तापाने फणफणले होते. उठून दार उघडायलाही त्यांना वेळ लागला. तात्यांनी शेजाऱ्याला हाक मारली. रिक्षा आणली. वेळेवर दवाखाना गाठला. तात्या गेले नसते तर? म्हणून सांगतो, मंडळी, रोजचा राम राम वाया जात नाही. आपली वाट पाहणारे कुणी असले, तर आपले दुखणेही कुणाला तरी कळते.

शास्त्रज्ञही हेच सांगतात. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ साली काही तरुणांची पाहणी सुरू केली. ते तरुण म्हातारे झाले, तरी पाहणी चालूच राहिली. त्यातून काय दिसले? ज्यांचे माणसांशी गोडीचे संबंध होते, ते म्हातारपणी अधिक निरोगी आणि सुखी राहिले.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलू. पुरुषाला निवृत्ती मिळते. घरच्या बाईला कोण देतो? तात्यांची बायको साठी उलटली तरी चुलीपुढेच होती. आता संध्याकाळची भाजी तात्या निवडतात. त्या वेळात ती शेजारणींबरोबर भजनाला जाते. तिलाही मैत्रिणी आहेत, तिलाही हसायचे असते. तिचा वेळ तिला दिला पाहिजे.

वर्षातून एकदा तात्या गावच्या जत्रेला जातात. एस.टी.त ६५ वर्षांवरच्यांना अर्धे तिकीट पडते. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना राज्यात २०२२ सालापासून एस.टी.चा प्रवास फुकट आहे. वयाचा पुरावा मात्र जवळ ठेवावा. आणि कुणी म्हातारे माणूस एकटे पडले असेल, घरात त्याचे हाल होत असतील, तर १४५६७ हा फोन नंबर लक्षात ठेवा. म्हाताऱ्या माणसांच्या मदतीसाठीच तो आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

आपल्या गावात विरंगुळा केंद्र नसेल. पण पार आहे. देवळाची ओसरी आहे. चावडी आहे. आपल्याला आता वाचताही येते. मग एवढे करू. ज्याला दिसत नाही, त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवू. जो दोन दिवस पारावर आला नाही, त्याच्या दारी जाऊन हाक मारू. घरातल्या म्हाताऱ्याला बसवून ठेवू नये. झेपेल असे एखादे काम द्यावे, आणि ते त्याला मानाने सांगावे.

सांगा पाहू
१. काम सुटल्यावर तात्यांना जेवण गोड का लागेना?
२. तात्या आणि आगरी आजोबा एकमेकांना काय देत होते?
३. तुमच्या आळीत एकटे राहणारे कोण आहे? आज त्यांच्याकडे जाऊन या.